आई-बाबांना घेऊन ओल्ड सेंट डेव्हिड्सला: मेन लाइनवर नव्याने राहायला आलेल्यांसाठी

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, 'मेन लाइन' म्हणतात त्या उपनगरांच्या बाजूला, नोकरीसाठी येणारी मराठी कुटुंबं बहुतेक एक्स्टन, माल्व्हर्न, चेस्टरब्रुक, किंग ऑफ प्रशिया या पट्ट्यात घर बघतात. मग आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. सुरुवातीचे दिवस नातवंडं, जेटलॅग आणि कॉस्टको यांत निघून जातात. एक लाँग वीकेंड न्यूयॉर्कला, एक नायगाऱ्याला. त्यानंतर बाबा खिडकीशी उभे राहून विचारतात, "इथे रस्त्यावर माणसं कशी दिसत नाहीत रे?"

माणसं दिसतात, पण ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी. रविवारी सकाळी चर्चमध्ये दिसतात. म्हणून आमच्याकडे कुणीही पाहुणे आले की एक रविवार आम्ही वेनजवळच्या ओल्ड सेंट डेव्हिड्स चर्चसाठी राखून ठेवतो. उपासना, कॉफी, दफनभूमी आणि मग आसपासचं एखादं ठिकाण. खर्च जवळजवळ नाहीच. मात्र काही गोष्टी आधी माहीत नसल्या तर आईची फार कुचंबणा होते, विशेषतः प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देतात त्या विधीच्या वेळी. त्यासाठी हा लेख. धर्म बदलायला कुणी लावत नाही, ही शंका घरात असेल तर आधीच काढून टाका.

१. चर्च कुठलं, ते नीट समजून घ्या

सेंट डेव्हिड्स हे एपिस्कोपल पंथाचं चर्च. एपिस्कोपल म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकन शाखा. स्वातंत्र्ययुद्धाआधी इथले अँग्लिकन पाळक, म्हणजे धर्मगुरू, इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेत आणि दर रविवारी राजासाठी प्रार्थना म्हणत. १७७६ च्या ४ जुलैलाच फिलाडेल्फियाच्या ख्राइस्ट चर्चच्या कारभाऱ्यांनी ती प्रार्थना वगळायचं ठरवलं. राजाच्या नावावर काट मारलेलं ते प्रार्थनापुस्तक अजून जपून ठेवलेलं आहे. पुढे १७८५ आणि १७८९ मध्ये फिलाडेल्फियातच बैठका होऊन स्वतंत्र एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. थोडक्यात, या पंथाचं माहेर आपल्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहे.

मुंबईकरांना ओळख पटवायची तर फोर्टातलं सेंट थॉमस कथीड्रल सांगा, ज्याच्यामुळे चर्चगेटला चर्चगेट म्हणतात. तेही मूळचं अँग्लिकन, उघडलं १७१८ मध्ये. सेंट डेव्हिड्सची इमारत १७१५ ची, म्हणजे फोर्टातल्या चर्चहून तीन वर्षांनी थोरली. वेल्समधून आलेल्या शेतकऱ्यांनी ती बांधली आणि वेल्सच्या संताचं नाव दिलं. आसपासच्या ब्रिन मॉर, रॅडनॉर, बर्विन या नावांतही वेल्सच आहे.

इथे दोन फसगती होतात. पहिली, नावात 'एपिस्कोपल' असलं तरी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा वेगळा पंथ आहे, त्याची उपासना वेगळी. दुसरी फसगत मोठी आहे. सेप्टाच्या, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनच्या, पाओली-थॉर्नडेल लाइनवर 'सेंट डेव्हिड्स' नावाचं स्टेशन आहे. नाव या चर्चवरूनच पडलंय, पण चर्च तिथे नाही, काही मैल लांब आहे आणि मधल्या रस्त्यांना सलग फुटपाथ नाहीत. पाहुण्यांना "ट्रेनने सेंट डेव्हिड्सला उतरा, समोरच आहे" असं चुकूनही सांगू नका. भरीस भर म्हणून चर्चच्या जुन्या नावात 'रॅडनॉर' येतं आणि टपालाचा पत्ता वेनचा आहे. नकाशात 'सेंट डेव्हिड्स एपिस्कोपल चर्च, व्हॅली फोर्ज रोड, वेन' एवढं पूर्ण टाका.

२. रविवार निवडा

पहिल्यांदा जाताना साधा रविवार घ्या. नाताळ आणि ईस्टरला सजावट सुंदर असते, पण पार्किंगला जागा नसते, बाकं भरलेली असतात आणि तुमच्याशी बोलायला कुणालाच सवड नसते. एप्रिलचा उत्तरार्ध, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर हे उत्तम.

बहुतेक एपिस्कोपल चर्चांत रविवारी दोन किंवा जास्त उपासना असतात. सकाळी लवकरची असते ती छोटी आणि बहुधा गाण्याविना. नंतरची ऑर्गन आणि गायकवृंदासकट, साधारण सव्वा तासाची. आई-बाबांना नंतरचीच दाखवा. भाषा कळली नाही तरी गाण्यात मन रमतं. उन्हाळ्यात वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चर्चच्या वेबसाइटवर बघून घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि त्या दिवशी निम्मं गाव उशिरा पोचतं.

सेंट डेव्हिड्सच्या वेळापत्रकात आणखी एक गोष्ट बघायची. १७१५ ची इमारत अगदी लहान आहे. आजच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, ती पुरत नाही, म्हणून आवारात मोठं चॅपलही आहे. तुमच्या वेळेची उपासना यांपैकी कुठे आहे ते वाचून जा. जुन्या चर्चमधली मिळाली तर सोडू नका.

३. बरोबर काय घ्यायचं

चर्चसाठी कसलंही कागदपत्र लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही, तिकीट नाही. बाकी पिशवीत एवढं असू द्या:

- आई-बाबांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचं कार्ड आणि पासपोर्ट-व्हिसाचा फोनमध्ये फोटो. दिवसभर बाहेर राहायचं म्हणून.
- एक-एक, पाच-पाच डॉलरच्या नोटा.
- स्वेटर किंवा शाल, जुलैतसुद्धा. एसीची थंडी आईला सोसत नाही.
- दफनभूमीत आणि पुढे जवळच्या व्हॅली फोर्ज उद्यानात चालायला बूट. साडी चालते, चपला नकोत.
- गोचिडींसाठी औषधी स्प्रे. यावर पुढे लिहितो.
- घडीची खुर्ची, गुडघे बोलत असतील तर.
- दशम्या, पोळीभाजीचा रोल, काय असेल ते. गाडीतच ठेवा.

कपडे साधे, नीटनेटके. डोकं झाकायची गरज नाही. पुरुषांनी टोपी मात्र आत काढायची. आणि बूट काढायचे नाहीत! बाबा दाराशी वाकून लेस सोडायला लागतात. घरूनच सांगून ठेवा.

४. पोचणं आणि आत शिरणं

गाडी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर डेव्हन किंवा वेन स्टेशनला उतरून उबर करा. परतीची उबर रविवारी दुपारी पटकन मिळेलच असं नाही, तेव्हा ती वेळ धरून ठेवा.

पंधरा मिनिटं आधी पोचा. दाराशी एखादे गृहस्थ किंवा बाई छापील पत्रिका हातात देतील. हे असतात अशर, बहुधा मंडळीतलेच निवृत्त लोक. "पहिल्यांदाच आलोय, आई-बाबा भारतातून आलेत" एवढं त्यांना सांगून टाका. ते बसायला मधली बाजू दाखवतील, वाकायला-उठायला त्रास होत असेल तर कडेची जागा देतील. पहिल्या रांगेत बसू नका, कारण कधी उठायचं आणि कधी बसायचं ते पुढच्या माणसांकडे बघूनच कळतं. एकदम शेवटचंही बाक नको, तिथून काही दिसत नाही.

लहान मुलं रडली, बोलली तर कुणी वळून बघत नाही. बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी शेजारी खोली असते.

५. उपासना: काय काय होतं

समोरच्या बाकाच्या पाठीला फळी असते, तिथे दोन पुस्तकं ठेवलेली असतात. एक प्रार्थनापुस्तक, १९७९ च्या आवृत्तीचं. दुसरं गीतांचं. पत्रिकेत पानांचे आकडे दिलेले असतात, आणि अनेक ठिकाणी सगळा मजकूर पत्रिकेतच छापतात, म्हणजे पुस्तक हातात घ्यावंच लागत नाही. गीतांचे क्रमांक भिंतीवरच्या पाटीवरही लावलेले दिसतील. आईला तो आकडा शोधायला द्या. तिला काहीतरी काम मिळतं आणि ती रमते.

सुरुवातीला गाणं लागतं, सगळे उभे राहतात, आणि मधल्या वाटेने मिरवणूक येते. पुढे क्रूस, मागे मेणबत्त्या, गायक, शेवटी पाळक. पाळक बाई असू शकतात. याच फिलाडेल्फियात १९७४ मध्ये अकरा स्त्रियांना परवानगी नसताना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली होती, आणि १९७६ मध्ये पंथाने ते रीतसर मान्य केलं. आमच्या आईला सगळ्यात जास्त अप्रूप याचंच वाटलं. गुरुजींच्या जागी बाई, अंगावर झगा, आणि मंगळसूत्रासारखी गळ्यातून दोन्ही बाजूंनी लोंबणारी पट्टी. त्यांना काय हाक मारायची हा प्रश्न पडेल. कुणी फादर, कुणी मदर, कुणी नुसतं नावाने. छापील पत्रिकेत नाव असतं, आणि कॉफीच्या वेळी सरळ विचारलं तर कुणाला राग येत नाही.

मग बायबलमधली वाचनं. वाचायला मंडळीतलीच माणसं उठतात. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा भाग, वाचताना पुन्हा सगळे उभे. पुष्कळदा ते पुस्तक मधल्या वाटेत लोकांमध्ये आणून वाचतात आणि सगळे त्या दिशेला वळतात. त्यानंतर प्रवचन. इथल्या प्रवचनाचं मला कौतुक वाटतं, कारण ते सहसा दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

उठणं, बसणं, गुडघे टेकणं यांचं दडपण घेऊ नका. बाकाखाली गुडघ्यांसाठी गादीची पट्टी असते ती खाली ओढली की धाडकन आवाज होतो, हळू ओढा. गुडघे टेकायचे नसतील तर बसून राहा. मंडळीतले म्हातारेही बसूनच असतात. क्रुसाची खूण करायची सक्ती नाही, आणि निदान आदरापोटी उगाच नक्कलही करू नये.

मध्येच पाळक म्हणतात की एकमेकांना शांती द्या, आणि इतका वेळ गप्प असलेली माणसं अचानक वळून हात पुढे करतात. "पीस" किंवा "पीस बी विथ यू" एवढं म्हणून हात मिळवायचा. आईला हात मिळवायचा नसेल तर नमस्कार करू दे. करोनानंतर निम्मे लोक लांबूनच हात हलवतात, नमस्काराला तर हसून दाद देतात.

लगेच दानाची थाळी फिरते. काही टाकलं नाही तरी चालतं. नेहमीची मंडळी वर्षाचा आकडा ठरवून ऑनलाइन भरतात, त्यामुळे तुमच्या शेजारचा माणूसही थाळी तशीच पुढे देईल. बाबांना रिकाम्या हाताने पुढे देववत नाही, त्यासाठी त्या पाचच्या नोटा.

६. प्रभुभोजन: इथे नीट लक्ष द्या

भाकर आणि द्राक्षारस आशीर्वादित झाल्यावर रांगेरांगेने लोक पुढे जातात. अशर तुमच्या बाकापाशी येऊन थांबतो. आपल्या घरात प्रसाद कुणी नाकारत नाही, नाकारणं म्हणजे अपमान. त्यामुळे आई भक्तिभावाने उठते आणि हात पुढे करते. तिची श्रद्धा खरी असते, पण या चर्चच्या नियमानुसार प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. काही ठिकाणी "सगळ्यांना आमंत्रण" असं पत्रिकेत स्पष्ट छापलेलं असतं. तसं छापलेलं असलं तरी निर्णय तुमचा.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही पूर्ण मानाचे:

बसून राहा. पाय बाजूला घ्या, म्हणजे बाकातल्या इतरांना जाता येईल.

किंवा पुढे जा, आणि कठड्यापाशी दोन्ही हात छातीवर आडवे दुमडा, उजवा पंजा डाव्या खांद्यावर, डावा उजव्या. याचा अर्थ भाकर नको, आशीर्वाद हवा. पाळक डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यं म्हणतात. आमच्या आईने हेच केलं आणि संध्याकाळी पुण्याला फोनवर मावशीला ते सविस्तर सांगितलं.

प्याल्यात खरी वाइन असते, हे माळकऱ्यांना आधी सांगायला हवं. आणि तुम्ही स्वतः मराठी ख्रिस्ती असाल, नगरकडचे किंवा मुंबई-पुण्याचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, तर तुम्हाला काहीच विचारायची गरज नाही. तो आणि हा पंथ एकाच जागतिक अँग्लिकन कुटुंबातले आहेत, सरळ पुढे जा.

जाता जाता, या पंथाच्या स्मरणदिनांच्या यादीत पंडिता रमाबाईंचं नाव आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. त्याआधी, १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. कॉफीच्या वेळी कुणी "तुम्ही भारतात कुठले?" विचारलं तर बोलायला हा विषय चांगला आहे.

७. कॉफी पिऊनच निघा

उपासना संपली की बाहेर पडायची घाई करू नका. शेजारच्या हॉलमध्ये कॉफी, चहा, डोनट किंवा घरी केलेला केक असतो. फुकट. मला विचाराल तर सगळ्या सकाळमधला हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. बाबांच्या वयाचे निवृत्त इंजिनिअर, शिक्षक, नर्स इथे भेटतात. बाबांचं इंग्रजी अडखळतं असं तुम्हाला वाटत असतं. त्यांना एकटं सोडा, रेल्वेत किंवा बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस बोलतो.

एक सूचना: स्वागताचं कार्ड भरलंत तर मेल येतात, कधी पाळकांचा फोनही येतो. नको असेल तर कार्ड भरू नका, नुसतं नाव सांगा. आणि आवारात दुसऱ्या एखाद्या खोलीबाहेर माणसं उभी असतील, पाटी नसेल, तर आत डोकावू नका, फोटो तर अजिबात नको. चर्चच्या इमारतींत दारू सोडणाऱ्यांचे गट भरतात, आणि नाव न उघड करणं हा त्यांचा पायाच आहे.

८. दफनभूमी

जुन्या चर्चला बाहेरून एक फेरी मारा. ओबडधोबड दगडाची, गावातल्या जुन्या वाड्याएवढीही नसलेली वास्तू. कळस नाही, मनोरा नाही. बाहेरच्या अंगाने एक दगडी जिना वर सज्ज्याकडे चढतो, फोटो सगळे तिथेच काढतात. सभोवती थडगी, काही इतकी झिजलेली की बोट फिरवूनच अक्षर लागतं. घासू नका, खडू लावू नका, दगडावर बसू नका, मुलांना उड्या मारू देऊ नका. कुणाचा दफनविधी चालू असेल तर त्या बाजूला फिरकूच नका.

बघायची कबर जनरल अँथनी वेनची. शेजारचं वेन गाव याच्याच नावाचं. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या हाताखाली लढला, पुढे १७९४ मध्ये ओहायोत मूळ रहिवाशांच्या जमातींचा पराभव केला, आणि त्यानंतरच्या तहात त्या लोकांची ओहायोतली बरीचशी जमीन गेली. इथल्या पाट्यांवर पहिली गोष्ट ठळक असते. दुसरी मुलांना तुम्ही सांगा.

हा १७९६ च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ईरी सरोवराकाठच्या किल्ल्यात वारला आणि तिथेच पुरला गेला. १८०९ मध्ये मुलगा आयझॅक घोडागाडी घेऊन वडिलांना घरी आणायला निघाला. त्याची अपेक्षा होती की हाडंच उरली असतील. उकरून बघतात तर देह बराचसा शाबूत! एवढा देह छोट्या गाडीतून नेणार कसा? मग तिथल्या डॉक्टरने तो हंड्यात उकळून हाडं वेगळी केली. हाडं या दफनभूमीत आली, बाकीचं ईरीला परत पुरलं. म्हणून एकाच माणसाच्या दोन कबरी. दंतकथा अशी की वाटेत काही हाडं गाडीतून पडली, आणि दर १ जानेवारीला, म्हणजे त्याच्या वाढदिवशी, वेनचं भूत घोड्यावरून ती शोधत हिंडतं. दहा वर्षांच्या मुलाला दफनभूमीत नेण्यासाठी एवढं पुरतं.

९. दुपारी कुठे जायचं

सगळं एका दिवसात कोंबू नका. एकच ठिकाण निवडा, तेही पाहुण्यांचे गुडघे आणि हवामान बघून.

*व्हॅली फोर्ज.* माझं पहिलं मत याला. राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवेश फुकट. १९ डिसेंबर १७७७ ते १९ जून १७७८ वॉशिंग्टनचं सैन्य इथे तळ देऊन होतं, सुमारे बारा हजार माणसं. लढाई इथे एकही झाली नाही, तरी जवळजवळ दोन हजार माणसं मेली, बहुतेक सगळी रोगाने. गाडीतून फेरी मारता येते, म्हणून आई-बाबांना सोयीचं. सैनिकांच्या लाकडी झोपड्यांच्या प्रतिकृती आणि वॉशिंग्टन राहिला ते दगडी घर, एवढ्या दोन ठिकाणी उतरा. झोपडीच्या आत शिरून बारा जणांच्या फळ्या बघितल्या की बाबा थंडीबद्दल तक्रार करायचं थांबवतात. घोड्यावरचा वेनही तिथे पुतळ्याच्या रूपाने भेटेल.

उद्यानातच, पण उद्यानाच्या मालकीचं नसलेलं वॉशिंग्टन मेमोरियल चॅपल आहे. हेही एपिस्कोपल चर्चच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. सेंट डेव्हिड्सच्या साधेपणानंतर इथल्या रंगीत काचा बघाव्यात. तिथेच जस्टिस बेल आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१५ मध्ये ओतलेली घंटा, तिचा लोळा साखळीने बांधून गावोगाव फिरवली आणि १९२० मध्ये हक्क मिळाल्यावरच ती वाजवली. चॅपलमध्ये लग्न किंवा उपासना चालू असेल तर बाहेर थांबा.

आता गोचिडी. उंच गवतात, झाडीच्या कडेला त्या असतात, खसखशीएवढ्या, आणि लाइम रोगाचे रुग्ण पेनसिल्व्हेनियात फार. मळलेली वाट सोडू नका, पायांना स्प्रे मारा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. पाहुण्याला नंतर ताप आला किंवा अंगावर गोल पुरळ दिसलं तर डॉक्टरला "गवतात गेलो होतो" हे आवर्जून सांगा.

*पाओली रणभूमी, माल्व्हर्न.* २० सप्टेंबर १७७७ च्या रात्री वेनच्या तळावर ब्रिटिशांनी छापा घातला. चुकूनही गोळी सुटून आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या जनरल ग्रेने बंदुकांमधले चकमकीचे दगड काढायला लावले होते, सगळं काम संगिनींनी झालं. ५३ सैनिकांची सामाईक कबर इथे आहे. अर्ध्या तासात बघून होतं, सावली कमी.

*वेन्सबरो.* पाओलीतलं वेनचं जन्मघर. ठरावीक महिन्यांतच उघडं असतं.

*शाँटिक्लीअर बाग, वेन.* आईला फुलांची हौस असेल तर बाकी सगळं रद्द करून इथे या. जागोजागी रंगवलेल्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, दहा पावलं चालायचं आणि बसायचं. तिकीट आहे. वसंतापासून शरदापर्यंतच उघडी, सोमवार-मंगळवार बंद. शनिवार-रविवारी गर्दी होते, आधी ऑनलाइन बघून निघा.

१०. मंडळाच्या कार्यक्रमासाठी चर्चचा हॉल हवा असेल तर

कॉफी पिताना तो हॉल बघून तुमच्यातल्या कार्यकर्त्याच्या मनात गणपती, कोजागरी, मराठी शाळा येणारच. हे सेंट डेव्हिड्सपुरतं लिहीत नाही, परिसरातल्या कुठल्याही एपिस्कोपल चर्चला लागू पडेल असं सांगतो.

पाळकांना गाठू नका. आधी पॅरिश ऑफिसला, म्हणजे चर्चच्या कचेरीत, आठवड्याच्या दिवशी फोन करा. मोठ्या गोष्टींचा निर्णय वेस्ट्री घेते, म्हणजे मंडळीने निवडलेली कार्यकारिणी. तिची बैठक सहसा महिन्यातून एकदाच, त्यामुळे तीन-चार महिने आधी अर्ज द्या. अर्जात 'पूजा' असेल तर 'पूजा' लिहा. 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहून आत मूर्ती नेली तर पुढच्या प्रत्येक मराठी, तेलुगू, बंगाली मंडळाला त्याची किंमत मोजावी लागते. काही चर्चेस आनंदाने हो म्हणतात, काही फक्त शाळा-नाटकाला देतात.

लागणारे कागद: मंडळ नोंदणीकृत असल्याचं पत्र, करसवलतीचं पत्र असल्यास ते, आणि विम्याचा दाखला. या दाखल्यावर 'ॲडिशनल इन्शुअर्ड' (विम्याचं संरक्षण ज्यांनाही लागू ते) म्हणून चर्चचं नाव हवं, नुसता विमा असून भागत नाही. एका दिवसाचा कार्यक्रमी विमा ऑनलाइन मिळतो. शिवाय अनामत रक्कम आणि सफाईचे पैसे वेगळे.

समई, कापूर, उदबत्ती यांबद्दल लेखी विचारा. धुराचा अलार्म वाजला की अग्निशमन दल थेट दारात येतं, आणि बिल मंडळाला. आरतीला बॅटरीचे दिवे घ्या, कापूर बाहेर पार्किंगमध्ये, तोही परवानगी असेल तर. स्वयंपाकघर बऱ्याचदा फक्त गरम करण्यापुरतं असतं, म्हणजे तळणही नाही आणि फोडणीही नाही. गुलाल विसरा. रांगोळी फरशीवर नको, काळ्या कापडावर किंवा फळीवर काढा. भिंतीला चिकटपट्टी लावायच्या आधी कुठली चालते ते विचारा.

तारीख मिळाली तरी करारातली एक ओळ वाचा: मंडळीत कुणी वारलं तर दफनविधीसाठी हॉल परत घेण्याचा हक्क चर्चकडे राहतो. ईस्टरच्या आधीचा आठवडा मागूच नका. शनिवारचा कार्यक्रम असेल तर रविवारच्या कॉफीसाठी टेबलं-खुर्च्या जशा होत्या तशा त्याच रात्री लावून द्याव्या लागतात. आत शिरताच मांडणीचा फोटो काढा आणि या कामासाठी सहा माणसांची नावं आधी लिहून घ्या, कारण जेवणं झाली की हॉलमध्ये अध्यक्ष आणि खजिनदार एवढेच उरतात.